गोळी चालू असताना थायरॉईडचा रिपोर्ट कसा वाचायचा

मी लवासा भागातल्या बचत गटांची समन्वयक. एरवी या कार्यक्रमात मी कर्ज, व्याज आणि पासबुक यांवरच बोलते. आज थायरॉईडच्या रिपोर्टवर बोलणार आहे, आणि त्याला कारण माझ्या हातून झालेली एक चूक आहे.

आमच्या एका गटात एक ताई हिशेबाची वही सांभाळते. तिचं नाव सांगत नाही, तिने परवानगी देताना तीच अट घातली होती. ताई बंगल्यावर स्वयंपाकाला जाते, शिक्षण दहावी, पण व्याज तोंडी काढते आणि ते पैशालाही चुकत नाही. मागच्या वर्षी तिच्या वहीत चुका यायला लागल्या. बेरीज चुकायची, एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर पडायचा. बैठकीला उशीर, मग दांडी. आली तरी भिंतीला टेकून पेंगायची. चैत्राच्या उन्हात अंगावर स्वेटर. आवाज घोगरा, चेहरा सुजलेला. आणि मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "ताई, अंगात आळस भरलाय तुमच्या. जमत नसेल तर वही दुसरीला द्या." पाच बैठकींचा दंड लावला, दहा रुपयांप्रमाणे पन्नास. ती काही बोलली नाही, वही माझ्यापुढे सरकवली आणि गेली.

नंतर तिच्या मुलीने सांगितलं की आईची थायरॉईडची गोळी आठ महिन्यांपासून बंद आहे. का बंद? तर रिपोर्ट नॉर्मल आला होता. शेजारची म्हणाली, "नॉर्मल आलंय ना, मग कशाला खातेस आयुष्यभर?" आम्ही तिला पिरंगुटला नेऊन रक्त तपासलं. टीएसएच आला ८६.

मला लाज वाटली ती यासाठी की मी स्वतः सात वर्षं तीच गोळी घेते. मला तरी ओळखायला हवं होतं.

मी डॉक्टर नाही, साधी बी.ए. आहे. गोळी किती घ्यायची हे डॉक्टरच ठरवतील. पण रिपोर्टमध्ये काय लिहिलंय आणि ते कशामुळे तसं आलंय, हे आपल्याला कळलं तर डॉक्टरांना नीट सांगता येतं. म्हणून माझ्या भाषेत, म्हणजे गटाच्या भाषेत सांगते.

गळ्यातली थायरॉईड ग्रंथी टी-४ नावाचा हार्मोन बनवते. ती कमी पडली की आपण तोच हार्मोन गोळीतून घेतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे, शाळेच्या पुस्तकात तिला पियुषिका म्हणतात. ती रक्तातला टी-४ बघत असते. कमी दिसला की टीएसएच सोडते, म्हणजे थायरॉईडला हाक मारते.

आता समजा टी-४ म्हणजे पासबुकातली शिल्लक आणि टीएसएच म्हणजे माझे फोन. हप्ता वेळेवर आला तर मी कशाला फोन करू? एक थकला तर एक फोन. चार थकले तर सकाळ-संध्याकाळ फोन. म्हणून टीएसएच वाढला याचा अर्थ हार्मोन कमी पडतोय. आकडा उलटा वाचायचा. इथेच पुष्कळ बायका फसतात. "माझा थायरॉईड वाढलाय" असं म्हणतात आणि गोळी कमी करायला बघतात. वाढलेत ते फोन, पैसा कमी आहे.

आणि ताईचा रिपोर्ट नॉर्मल आला होता, तो गोळी चालू होती म्हणून. हप्ते भरले जात होते, म्हणून फोन थांबले होते. त्यावरून कर्ज फिटलं असं कुठे ठरतं? काही जणींचा त्रास तात्पुरता असतो, बाळंतपणानंतर होतो आणि जातो, पण ते डॉक्टर तपासून सांगतील. शेजारणीने सांगायची गोष्ट नाही ती.

दुसरी गोष्ट वेळेची. जिने सहा महिने हप्ते थकवलेत तिने आज एक भरला, म्हणून उद्यापासून मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. अजून दीड-दोन महिने फोन चालूच राहतात. शरीराचंही तसंच आहे. गोळीतला हार्मोन रक्तात निम्मा व्हायला साधारण सात दिवस लागतात, म्हणजे तो सावकाश साठतो आणि सावकाश उतरतो. म्हणून गोळीचा डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचं. पंधरा दिवसांत तपासलं तर पैसे वाया जातात आणि उगाच जीव घाबरतो. उलट एखादी गोळी चुकली तर आकाश कोसळत नाही. आठवड्यात तीन-तीन चुकल्या तर मात्र रिपोर्टमध्ये दिसतं.

आता माझीच फजिती सांगते. एका गणपतीत मी माहेरी गेले आणि बाटली इकडेच राहिली. आल्यावरही घेणं अधूनमधूनच. मग तपासणीची तारीख आली. डॉक्टर ओरडतील म्हणून आधीचे चार दिवस मी दोन-दोन गोळ्या घेतल्या. रिपोर्ट आला, टी-४ वरच्या टोकाला आणि टीएसएच १४. मला वाटलं, लॅबवाल्याने घोळ केला. डॉक्टरांनी कागदाकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "किती दिवस चुकल्या होत्या?"

त्यांना कसं कळलं? गटात कसं कळतं? ऑडिटच्या आदल्या दिवशी एखादी सगळे थकलेले हप्ते एकदम भरते. पासबुक छान दिसतं. पण माझ्या मोबाईलमध्ये महिनाभराच्या फोनांची यादी असते की. टी-४ चार दिवसांचं सांगतो, टीएसएच दीड महिन्याचं. दोन्ही एकदम जास्त दिसले तर डॉक्टरांच्या मनात पहिली शंका हीच येते. मी खरं सांगितलं नसतं तर कदाचित माझा डोस वाढला असता, आणि नंतर नीट घ्यायला लागल्यावर तो मला जास्त झाला असता. आणि असल्या दोन-दोन गोळ्या घेण्यात शहाणपण नाही, हृदयावर ताण येतो.

जास्त झालं तर काय होतं? टीएसएच फार खाली जातो, ०.०५ वगैरे. म्हणजे मी फोन करायचंच सोडून दिलं, इतका पैसा जमा झालाय. छातीत धडधड, हात थरथरणे, झोप न लागणे, घाम. पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ होतात आणि उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होण्याची भीती असते. वजन उतरावं म्हणून मनाने गोळी वाढवणाऱ्या दोघी मला माहीत आहेत. त्यांना मी हेच सांगितलं. एकीने ऐकलं.

नॉर्मलचा आकडा साधारण ०.४ ते ४ असा असतो, पण प्रत्येक लॅबचा थोडा वेगळा, तो रिपोर्टवर शेजारीच छापलेला असतो. मागच्या वेळी २.१ होता आणि आता ३.३ आला म्हणून घाबरू नका. टीएसएच दिवसभरात वरखाली होतो, रात्री आणि पहाटे जास्त असतो. म्हणून दरवेळी शक्यतो एकाच लॅबमध्ये, साधारण एकाच वेळी रक्त द्या आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या. आधी घेतली तर टी-४ काही तास चढलेला दिसतो. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबमध्ये सांगा आणि दोन दिवस आधी बंद ठेवा. काही मशीनमध्ये त्याने टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो. माला-एन सारखी गर्भनिरोधक गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर साधा टी-४ वाढलेला दिसू शकतो, तेव्हा डॉक्टर फ्री टी-४ बघतात. थायरॉईडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या काही जणींचा टीएसएच डॉक्टर मुद्दाम कमी ठेवतात. तिचा आकडा आपल्याशी ताडून बघायचा नाही.

हे आकडे मोजता येणं ही तशी अलीकडची गोष्ट. रक्तातले इतके सूक्ष्म हार्मोन मोजायची रीत ज्यांनी शोधली, त्यांत अमेरिकेच्या रोझलिन यॅलो या बाई होत्या, त्यासाठी त्यांना १९७७ साली नोबेल मिळालं. आपल्याकडे परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली सुरू झालं, तिथे थायरॉईडवर मोठं काम झालंय. त्याआधी डॉक्टर नाडी, वजन आणि चेहरा बघूनही अंदाज बांधत. मी ताईचा चेहरा रोज बघत होते, आणि तरी मला आळसच दिसला.

आपण एकट्या नाही हेही सांगते. मुंबई, गोवा, दिल्ली धरून आठ ठिकाणच्या ५,३७६ लोकांची एक पाहणी २०१३ साली छापून आली. त्यात शंभरातल्या जवळजवळ ११ जणांचा थायरॉईड कमी निघाला. बायकांत सोळाच्या आसपास, पुरुषांत पाच. म्हणजे आपल्या दहा-बारा जणींच्या गटात एखाद-दुसरी असणारच.

आता गोळीकडे येऊ, कारण रिपोर्ट बिघडतो तो बहुतेक वेळा स्वयंपाकघरात. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा निदान अर्ध्या तासाने, तासाने झाला तर उत्तम. हे सांगायला सोपं आहे. पहाटे पाचला उठून डबा करून कामावर पळणारी बाई आधी चहा घेते, मला माहीत आहे. ताईही तेच करायची, गोळी चालू होती तेव्हासुद्धा चहाच्या घोटाबरोबर. जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारा, काही जणींना रात्री जेवणानंतर तीन तासांनी घ्यायला सांगतात. रोज एकाच पद्धतीने घेणं महत्त्वाचं.

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी या गोळीला पोटात अडवते. मध्ये चार तासांचं अंतर हवं. गरोदर बायकांना तर लोह, कॅल्शियम दोन्ही मिळतं आणि तेव्हाच थायरॉईडची गरज वाढते. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीचे महिने आईच्या हार्मोनवर असते. तेव्हा लोह बंद करू नका, वेळ बदला, सकाळी ही आणि दुपारी-रात्री त्या. आणि पाळी चुकली की वाट न बघता डॉक्टरांना कळवा, बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो आणि पहिल्या निम्म्या दिवसांत साधारण दर चार आठवड्यांनी तपासतात.

आपल्या मुळशीच्या पावसात मिठाला पाणी सुटतं तिथे गोळीचं काय होणार? बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट लावा, चुलीवरच्या फळीवर नको. बाटलीवरचा आकडा मेडिकलमधून निघण्याआधी वाचा, २५, ५०, ७५, १०० असे वेगवेगळे येतात. आणि टेमघरचा घाट बंद पडायच्या आत, जूनमध्येच, दोन महिन्यांची बाटली घरात असू द्या.

डॉक्टरांकडे जाताना नुसता नवा रिपोर्ट नेऊ नका. जुने रिपोर्ट, बाटली, आणि एका कागदावर खरं खरं लिहून न्या, गोळी किती वाजता घेते, चहा कधी, किती चुकल्या, दुसरं काय चालू आहे. मोबाईलवर आलेल्या रिपोर्टमध्ये एखादा आकडा ठळक दिसला की आपण तोच धरून बसतो. पण तो कशामुळे आला हे त्या कागदाशिवाय डॉक्टरांनाही कळत नाही.

ताईला डॉक्टरांनी गोळी बेताने वाढवत नेली. दोन महिन्यांनी टीएसएच १९ होता, ती रडवेली झाली होती. मी म्हटलं, ताई, ८६ फोनांचे १९ झालेत, थांबा जरा. गेल्या महिन्यात ३.१ आला. गोळी चालूच आहे. स्वेटर पेटीत गेला आणि वही परत तिच्याकडे आली. वहीत तिच्या नावावर मी लिहिलेला पन्नास रुपयांचा दंड होता. मी तो लाल शाईने खोडला आणि खाली सही केली. तिने पान उलटून मागच्या तीन महिन्यांतल्या माझ्या बेरजा तपासल्या. दोन चुकलेल्या निघाल्या.