बातमीचा रतीब

मी अंबरनाथच्या मोरिवलीतून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी मी तुमच्याशी हप्ते, बचत आणि हिशोबाच्या वहीबद्दल बोलते. आज मात्र माझ्याच हातून झालेली एक चूक सांगणार आहे, आणि त्यानंतर मी फोनला काय वळण लावलं तेही.

२०२५ च्या सप्टेंबरात ‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीचा निर्णय निघाला, आठवतं ना? १८ सप्टेंबरला सरकारने सांगितलं की प्रत्येक लाभार्थी बहिणीने दोन महिन्यांत सरकारी साइटवर ई-केवायसी करायची. त्याच दिवसांत आपल्या फोनवर मेसेजचा पाऊस सुरू झाला. ‘आज शेवटचा दिवस’, ‘ही लिंक दाबा, नाहीतर पंधराशे बंद’. खऱ्या साइटसारख्या दिसणाऱ्या खोट्या साइटही फिरत होत्या.

एका रात्री साडेअकराला असाच एक मेसेज मला आला. भांडी आवरून नुकती टेकले होते, डोळे मिटत होते. म्हटलं, बायकांच्या उपयोगी पडेल. तीन गटांवर पुढे ढकलला आणि झोपले.

सकाळी एका वहिनींचा फोन आला. त्यांनी लिंक दाबली, आधार नंबर टाकला, मग आलेला ओटीपीही टाकला. खात्यातले तीन हजार आठशे रुपये गेले. तो गटाच्या कर्जाचा हप्ता होता. आम्ही लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्या महिन्याचा हप्ता मी भरला. वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. ‘ताईंनी पाठवलंय म्हणजे खरंच असणार,’ एवढाच त्यांचा हिशोब होता.

खरं तर मुदत संपायला दोन महिने होते. पुढे ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढलीसुद्धा. आपल्यापैकी कुणालाच घाई नव्हती. घाई होती ती मेसेज पाठवणाऱ्याला.

त्यानंतर मी विचार केला. दूध आपण कसं घेतो? रतीब लावतो. कुणाकडून घ्यायचं, किती घ्यायचं, सकाळी की संध्याकाळी, हे आपण ठरवतो. पसंत नाही पडलं तर बंद करतो. रात्री साडेअकराला कुणी दार वाजवून ‘आत्ताच घ्या’ म्हणाला, तर आपण घेऊ का? मग बातमी का घेतो?

बातमीचाही रतीब लावता येतो. त्याला फीड म्हणतात. अनेक साइट आपल्या नव्या मजकुराची एक साधी यादी तयार ठेवतात: मथळा, तारीख, थोडा मजकूर आणि मूळ पानाचा दुवा. ती यादी वाचणारं छोटं अ‍ॅप म्हणजे फीड रीडर. ते तुमच्या निवडलेल्या साइटवर जाऊन नवीन काय आलं ते बघतं आणि एका जागी, तारखेप्रमाणे मांडून ठेवतं. मधे कुणी ढकलणारा नाही, ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणणारा नाही.

ही सोय जुनी आहे, १९९९ पासूनची. तिचं नाव आरएसएस. गूगलचंही असं एक रीडर होतं. ते २०१३ च्या जुलैत बंद झालं आणि पुष्कळ लोकांना वाटलं, ही सोयच संपली. पण फीड आजही चालू आहेत. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या साइटवर फीड आहे. हे कार्यालय मराठीतूनही प्रसिद्धिपत्रकं काढतं. रिझर्व्ह बँकेचं आहे, बीबीसी मराठीचं आहे. यूट्यूबच्या चॅनेललाही फीड असतं.

आता करायचं कसं? मी ‘फीडर’ नावाचं अ‍ॅप वापरते. अँड्रॉइड फोनवर फुकट मिळतं, खातं उघडावं लागत नाही, फोन नंबर मागत नाही. त्यात नवीन फीड जोडायचा पर्याय निवडायचा आणि साइटचा पत्ता टाकायचा. फीड असेल तर ते सापडतं, मग जपून ठेवायचं. मुलीला किंवा सुनेला शेजारी बसवा, एकदा बघितलं की जमतं.

तीन गोष्टी मात्र पाळा. एक, सुरुवातीला पाचच फीड लावा. वीस लावलेत तर इथेही ढीगच साचेल. दोन, सूचनेची घंटी बंद ठेवा. मी दुपारी जेवणानंतर दहा मिनिटं बघते, एरवी उघडत नाही. तीन, सगळं वाचलंच पाहिजे असं नाही. मथळे बघा, कामाचं वाचा, बाकी सरळ ‘वाचलं’ म्हणून सोडून द्या. रोजचं वर्तमानपत्र तरी आपण पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत कुठे वाचतो? नेटचा खर्च नको असेल, तर फक्त वायफाय असताना यादी भरून घ्यायचीही सोय त्यात आहे. आणि उद्या हे अ‍ॅप आवडेनासं झालं, तर आपली यादी उचलून दुसऱ्या रीडरमध्ये नेता येते.

यात उणं काय तेही सांगते. सगळ्या साइटना फीड नसतं. तिथे पत्ता स्वतः टाइप करून जा. राज्य आणि केंद्र सरकारच्या साइटच्या नावाचा शेवट बहुतेक ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असा असतो. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी नाव संपतं, तिथे बघा. ‘जीओव्ही’ मधेच कुठेतरी घुसवलेलं असेल तर सावध व्हा. दुसरं, खोट्या साइटचं फीड लावलं तर खोटंच येणार. दूधवाला पारखूनच रतीब लावायचा. आणि पुरापावसाच्या वेळी यावर विसंबू नका. तेव्हा रेडिओ ऐका, तातडीला ११२ लावा.

आमच्या गटांत आता एक पद्धत आहे. प्रत्येक गटात एकीच्या फोनवर रीडर आहे. बैठकीत बचत गोळा झाली की ती दहा मिनिटं योजनांच्या बातम्या वाचते: कुणी सांगितलं, कोणत्या तारखेला, मुदत कधीपर्यंत. हे तिन्ही वहीत लिहिलं जातं. गटावर काही मेसेज आला की बायका आता विचारतात, ‘वहीत आहे का?’ नसेल, तर बैठकीपर्यंत थांबतात.

परवा त्याच वहिनींनी मला फोन केला. म्हणाल्या, ‘ताई, एक लिंक आली होती, दाबली नाही. शुक्रवारी बघू.’ मी म्हटलं, बघू वहिनी. शुक्रवारी बघू.

तुमच्या गटातल्या एकीने या आठवड्यात एक तरी फीड लावून बघा.