अठरा तास आणि बावीस वर्षे
(मौदा येथील व्याख्यानाचा मजकूर)



मौद्याजवळून वाहणारी कन्हान कामठीवरून येते. कामठीची छावणी इंग्रजांनी १८२१ साली वसविली. नागपूरच्या राज्यावर डोळा ठेवण्यासाठी नागपूरपासून अवघ्या काही कोसांवर परक्यांची फौज कायमची येऊन बसावी, अशी वेळ त्या राज्यावर कशी आली? शालेय पुस्तकात याचे उत्तर एका ओळीत मिळते : सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला. वाक्य खोटे नाही. परंतु त्या काळातील एकेक दिवस उलगडून पाहिला, तर त्या एका ओळीत किती गोष्टी गाडल्या गेल्या आहेत, हे ध्यानात येते.

२२ मार्च १८१६ रोजी दुसरे रघुजी भोसले निवर्तले. इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारण्यास त्यांनी अखेरपर्यंत नकार दिला होता. त्यांचे पुत्र परसोजी शरीराने व बुद्धीने दुर्बळ. म्हणून कारभार पुतणे मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब यांच्या हाती आला. घरातील प्रतिस्पर्ध्यांपासून आपले आसन सुरक्षित राहावे, या एका काळजीपोटी आप्पासाहेबांनी २७ मे १८१६ च्या रात्री गुपचूप तैनाती फौजेच्या तहावर मोहोर उठविली. वर्षाला साडेसात लाख रुपये देण्याचे ठरले. चुलत्याने आयुष्यभर जे टाळले, ते पुतण्याने दोन महिन्यांत एका रात्रीत देऊन टाकले. आप्पासाहेबांविषयी कितीही आदर बाळगला तरी या रात्रीचे समर्थन होऊ शकत नाही.

१ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी बिछान्यात मृत आढळले. आप्पासाहेब त्या वेळी चांद्यास होते. इंग्रजांनी त्यांना विनातक्रार राजा म्हणून मान्यता दिली. पुढे वैर जुंपल्यावर मात्र त्याच इंग्रजांनी या मृत्यूचा आरोप त्यांच्या माथी मारला. आरोप खरा की खोटा, याचा निवाडा आज करता येणार नाही. परंतु तो केव्हा उकरून काढला गेला, हे विसरता कामा नये.

मोहोर उमटविणाऱ्या हातालाच बेडीचे वजन आधी कळते. आप्पासाहेबांनी पुण्याशी गुप्त पत्रव्यवहार सुरू केला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली. २४ नोव्हेंबरला नागपुरात आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे व जरीपटका भर दरबारात स्वीकारला. आश्चर्य असे की, या समारंभाचे निमंत्रण खुद्द इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स यालाही होते! तो अर्थातच आला नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने आपले सैन्य सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर आणून बसविले. शत्रूला आगाऊ सूचना देऊन युद्धास निघणारा राजा शूर म्हणावा की भाबडा?

२६ नोव्हेंबरच्या सायंकाळी तोंड लागले. टेकड्यांवर कर्नल स्कॉटच्या हाताखाली सुमारे चौदाशे लोक होते. समोर भोसल्यांची सेना त्याच्या कितीतरी पट, आणि तिच्यात कडवे अरब पायदळ. रात्रभर गोळागोळी चालली. सकाळी अरबांनी लहान टेकडी हातघाईने काबीज केली व तेथून मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. त्या घटकेस नागपूरचे राज्य स्वतंत्र होण्यापासून एका टेकडीच्या अंतरावर होते. इंग्रजांचा धीर सुटत चालला होता.

अशा वेळी कॅप्टन फिट्झजेराल्डच्या मूठभर बंगाल घोडदळाने खाली मैदानात मुसंडी मारली व तोफा हिसकावल्या. ते पाहून टेकडीवरच्या पायदळाला उसने बळ आले. त्यातच दारूच्या गाड्याचा स्फोट होऊन अरबांत गोंधळ उडाला आणि लहान टेकडी पुन्हा इंग्रजांकडे गेली. २७ तारखेच्या दुपारी सारे शांत झाले. अठरा तासांची लढाई! इंग्रजांकडील ३६७ माणसे ठार वा जखमी झाली. त्यांतील बहुतेक माणसे इंग्रज नव्हती. मद्रासच्या पलटणींतील आणि बंगालच्या रिसाल्यातील ती आपलीच माणसे होती. आपल्याच राजाविरुद्ध, परक्याच्या पगारावर ती प्राणपणाने लढली. सीताबर्डीची खरी शोकांतिका तोफांच्या संख्येत शोधण्याऐवजी येथे शोधावी.

आणि पराभवाच्या या क्षणी राजा रणांगणावर नव्हता. आपल्या सरदारांनी आपल्या आज्ञेवाचून युद्ध सुरू केले, असा निरोप त्याने इंग्रजांना पाठविला. १२ डिसेंबरला जनरल डव्हटन येऊन पोहोचला आणि १६ डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या छावणीत दाखल झाले. त्यांचे सैन्य मात्र त्याच दिवशी सक्करदऱ्यापाशी लढले. शहरातील अरबांनी तर राजा शत्रूच्या हाती असतानाही २४ डिसेंबरचा जुम्मा दरवाजावरील हल्ला परतवून लावला. ३० तारखेस अटी मान्य करवून घेऊनच ते बाहेर पडले. धनी शरण गेला, चाकर लढत राहिले!

जानेवारी १८१८ मध्ये नवा तह झाला. सीताबर्डीवर किल्ला बांधण्याची मुभाही त्यात इंग्रजांनी मिळविली. मार्चमध्ये पुन्हा गुप्त हालचालींचा ठपका ठेवून आप्पासाहेबांना अटक झाली आणि मे महिन्यात प्रयागकडे रवानगी. येथे कथा संपावयास हवी होती. तशी ती संपली नाही.

१३ मे १८१८ च्या रात्री, जबलपूरच्या वाटेवरील मुक्कामात पहारेकऱ्याने तंबूत डोकावून पाहिले. राजे निजलेले, दोन सेवक पाय चेपत बसलेले. प्रत्यक्षात पांघरुणाखाली उशी होती! शिपायाचा वेष करून आप्पासाहेब केव्हाच निघून गेले होते. पहाऱ्यावरचे काही शिपाईही त्यांना सामील होते. सीताबर्डीवर जी निष्ठा राजाच्या विरुद्ध गेली, ती येथे त्याच्या बाजूने उभी राहिली.

पुढे महादेवाच्या डोंगरात हर्रईच्या चैनशहाने व गोंड वनवासी बांधवांनी राजाला आसरा दिला. इंग्रजांनी त्यांना पकडून देणाऱ्यास मोठे इनाम लावले. डोंगरातल्या एकाही झोपडीतून ते मागण्यास कोणी पुढे आला नाही. जुलै महिन्यात बैतूलच्या बाजूला अरब व गोंडांनी कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापून काढली. १८१९ च्या आरंभी पाठलाग असह्य झाला, तेव्हा आप्पासाहेब अशीरगडाकडे निसटले. सोबतचा चितू पेंढारी जंगलात वाघाच्या तोंडी पडला. ९ एप्रिलला अशीरगड इंग्रजांनी घेतला. आत शिरून पाहतात, तर राजे नाहीत. मग लाहोर, मंडीचे डोंगर, आणि शेवटी जोधपूर. महाराजा मानसिंहांनी शरणागतास इंग्रजांच्या स्वाधीन करण्यास साफ नकार दिला. तेथेच, सुटकेनंतर बावीस वर्षांनी, १५ जुलै १८४० रोजी आप्पासाहेबांनी देह ठेवला. राजवाड्यात डळमळणारा हा पुरुष रानात गेल्यावर एकदाही इंग्रजांपुढे वाकला नाही. ही उलटापालट कशामुळे झाली, याचा अभ्यास विदर्भातील तरुणांनी अवश्य करावा.

नागपुरास इंग्रजांनी गादीवर बसविलेले तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. राण्यांनी घेतलेले दत्तक डलहौसीने अमान्य केले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. वृद्ध बाकाबाईंचा विरोध कोणी जुमानला नाही. राजवाड्यातील जडजवाहीर कलकत्त्यास गेले. हत्ती, घोडे, बैल मात्र येथेच मातीमोल भावाने लिलावात निघाले. लिलावाची जागा होती सीताबर्डी.