चिकणा नेमका कोणता?

पावसाळा सरल्यावर गावच्या पडीक रानात, बांधावर, शाळेच्या कुंपणालगत गुडघा-कमरेइतके वाढणारे, पिवळ्या फुलांचे एक झुडूप हमखास दिसते. नाव विचारले, तर ‘चिकणा’ असे उत्तर मिळते. पुढच्या गावी मात्र त्याच नावाने दुसरेच झुडूप दाखविले जाते! आयुर्वेदातील ‘बला’ हिचे मूळ औषधासाठी विकले जाते. त्यामुळे ही सरमिसळ नावापुरती राहत नाही. खऱ्या बलेत इफेड्रिन हे हृदयावर व रक्तदाबावर परिणाम करणारे द्रव्य आढळलेले आहे. एका झुडपाऐवजी दुसरे देणे म्हणजे रोग्याला भलतेच औषध देणे होय.

भेंडी व कापूस यांच्या कुळातील ‘सिडा’ ही ती प्रजाती. तिच्यातील जाती ओळखताना फुलावर विसंबू नये. बहुतेकांची फुले पिवळी, लहान आणि काही तासांची सोबती. पान अधिक बोलके असते. बलेचे, म्हणजे ‘सिडा कॉर्डिफोलिया’चे, पान हृदयाकृती असून दाट लवेमुळे हाताला मखमलीसारखे लागते. ‘सिडा ॲक्यूटा’चे पान भाल्यासारखे निमुळते, जवळजवळ गुळगुळीत असते व फांदीवर पाने दोन ओळींत, एकाच पातळीत मांडल्यासारखी दिसतात. ‘सिडा ऱ्हॉम्बिफोलिया’चे पान शंकरपाळ्याच्या आकाराचे, बुडाशी निमुळते व खालून फिकट असते, फुलाचा देठ लांब असतो.

तथापि चरायला लागलेल्या, खुरटलेल्या झुडपाचे पान फसविते. अशा वेळी पिकलेले फळ तळहातावर चुरडावे. बलेच्या फळाच्या बहुधा दहा फाका होतात आणि प्रत्येकीवर दोन लांब, खाली वळलेल्या केसांची कुसळे असतात. ऱ्हॉम्बिफोलियाच्या फाकाही दहाच्या आसपासच भरतात. परंतु कुसळे आखूड असतात किंवा नसतातच. साधे भिंग पुरते, शाळेतील मुलांनाही हे जमते.

जैवविविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक समित्यांनी करावयाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत नुसते ‘चिकणा’ लिहिणे म्हणूनच अपुरे आहे. पानाचे वर्णन, फाकांची संख्या व कुसळांची लांबी टिपून वाळविलेली एक डहाळी सोबत ठेवावी.

मुळासाठी झुडूप समूळ उपटावे लागते. फळ पिकेपर्यंत थांबल्यास ओळखही पटते आणि बी तेथेच जमिनीवर झडते.