मैदान छावणीला लागून होतं

(मुदखेड येथे युवक-युवतींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज करिअर या विषयावर बोलायला बोलावलं आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे कोर्स कोणते करावेत हे सांगणार, असं तुम्हाला वाटलं असेल. ते चहाच्या वेळी जरूर विचारा. आत्ता मला फुटबॉल खेळणाऱ्या एका बाईबद्दल बोलायचं आहे.

तिचं नाव नादिया नदीम. 1988 साली अफगाणिस्तानात हेरातला जन्म. वडील अफगाण सैन्यात मोठे अधिकारी. 2000 साली तालिबानने त्यांना मारलं. घरात आई आणि पाच मुली. मुलींना शाळा नाही, बाईला एकटीनं बाहेर पडायची सोय नाही. आईनं जे होतं ते विकलं, मुलींना घेऊन पाकिस्तान गाठलं. तिथून खोट्या पासपोर्टवर इटली, पुढे ट्रकमध्ये लपून प्रवास. त्यांना वाटत होतं आपण लंडनला चाललोय. ट्रक थांबला तो डेन्मार्कमध्ये.

निर्वासितांच्या छावणीजवळ फुटबॉलचं मैदान होतं आणि तिथे मुली खेळत होत्या. नादियानं ते पाहिलं आणि तीही खेळायला लागली. पुढे ती फॉरवर्ड झाली, म्हणजे गोल करणं हेच तिचं मुख्य काम. अमेरिकेत पोर्टलँड थॉर्न्सकडून 2017 ची लीग जिंकली. मग इंग्लंडमध्ये मँचेस्टर सिटी, नंतर पॅरिस सेंट जर्मेन. 2021 मध्ये पॅरिसच्या महिला संघानं पहिल्यांदाच फ्रान्सचं लीग विजेतेपद मिळवलं, त्या संघात ती होती. 2017 च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध सहाव्या मिनिटाला डेन्मार्कचा पहिला गोल तिनं केला. सामना डेन्मार्क 4-2 असा हरला. आणि हे सगळं करताना ती आरहूस विद्यापीठात डॉक्टरकी शिकत होती. 2022 मध्ये डॉक्टर झाली.

टाळ्या वाजवाव्यात अशीच गोष्ट आहे. पण माझ्या कामाची एक सवय आहे. प्रोग्रॅम बंद पडला की आम्ही तो कुठे अडकला ते शोधतो. नादियाचा प्रवास मी उलटा तपासला. ती कुठे कुठे अडकू शकली असती?

छावणीजवळ मैदान नसतं तर तिथेच. मैदानावर फक्त मुलंच असती तर तिथेच. आईनं "आता मोठी झालीस" म्हटलं असतं तर तिथेच. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर पाच वर्षं देशात राहिल्याशिवाय नव्या नागरिकाला त्या देशाकडून खेळता येणार नाही, असा फिफाचा नियम होता. डेन्मार्कचा फुटबॉल महासंघ तिच्यासाठी भांडला, म्हणून 2009 मध्ये ती राष्ट्रीय संघातून खेळली. नाहीतर तिथेही अडकलीच असती. मेहनत तिचीच. पण प्रत्येक वळणावर कुणीतरी दार उघडं ठेवलं होतं.

आपल्याकडे काय? मणिपूरची बाला देवी, तीही फॉरवर्डच, जानेवारी 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडे गेली. आपल्या महाराष्ट्रात मुंब्र्याला 'परचम' नावाच्या गटानं मुलींचा फुटबॉल सुरू केला. त्यात बहुतेक आपल्याच घरांसारख्या घरांतल्या मुली. त्यांनी सगळ्यात आधी मागितलं काय? बूट नाहीत, टी-शर्ट नाहीत. खेळायला जागा मागितली, आणि त्यासाठी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या.

कुणी म्हणेल, कपड्यांचं काय? 2011 मध्ये इराणच्या मुलींना स्कार्फमुळे ऑलिंपिक पात्रतेचा सामना खेळू दिला नाही. 2014 मध्ये नियम बदलला. 2023 च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली. नादिया घालत नाही. दोघी खेळल्या. तो निर्णय त्यांचा त्यांनी घेतला.

आता माझं सांगतो. माझी एक चुलत बहीण सातवीपर्यंत आमच्यात खेळायची. तिच्या पायात चेंडू आला की तो काढून घेणं आम्हाला जमत नसे. एक दिवस गल्लीतली दोन पोरं तिच्यावर हसली. मी घरी येऊन चाचीला सांगितलं, "हिला आता पाठवू नका, लोक बोलतात." चाचा काही बोलले नव्हते, चाचीही बोलल्या नव्हत्या. बोललो मी. पंधरा वर्षांचा होतो. हसणाऱ्या पोरांना मी एक शब्द बोललो नाही, ते मला जड गेलं असतं. तिला घरी बसवणं सोपं होतं.

मागच्या ईदला तिला हे आठवतं का म्हणून विचारलं. म्हणाली, "भाईजान, तारीख विचारा, तीही सांगते."

ती नादिया झाली असती असं मी म्हणत नाही. ते कळायची वेळच मी येऊ दिली नाही, एवढं म्हणतो.

म्हणून इथल्या भावांना माझी एक विनंती आहे. रविवारी सकाळी दोन तास मैदान मुलींसाठी सोडा. त्या वेळी कुणी हसलं तर त्याला तिथेच थांबवा, बहिणीला नको. आणि अम्मी, खाला, आपा यांनी तिथे येऊन बसावं, म्हणजे मुलींना आधार राहील.

चेंडू आणि बूट मी आणले आहेत. वही दाराजवळ ठेवली आहे. पहिलं नाव लिहिलेलं आहे, माझ्या त्या बहिणीच्या मुलीचं. वय आठ. पुढची नावं तुम्ही लिहा.