आत्मरक्षण : आखाड्यातले आणि रस्त्यावरचे



ज्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे तेथे मला उभे केलेत, याबद्दल चालकांचे आभार मानतो. माझे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे झाले ते कारखान्यांच्या फाटकांवर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा आजचा विषय मी थोडा पुस्तकांच्या आधाराने आणि अधिक अंगावरच्या वणांच्या आधाराने मांडणार आहे.

हा माझा उजवा हात. याची दोन बोटे मिटत नाहीत. तिशीत असताना एका फाटकसभेत एक माणूस सुरा घेऊन माझ्यावर चालून आला. मी सहा वर्षे एका वर्गात लाठी शिकलो होतो, सुरा हिसकावण्याचा डावही शिकलो होतो. वर्गात जोडीदार लाकडी सुरा पुढे करी आणि हात तसाच ठेवून उभा राही. मी मनगट धरून पिळी, सुरा खाली पडे, लोक टाळ्या वाजवीत. त्या दिवशीच्या माणसाने हात पुढे करून ठेवला नाही. त्याने वार केला, हात मागे घेतला, पुन्हा वार केला. मी मनगट पकडायला गेलो आणि हातात आले ते पाते. मला वाचविले कोणी? कोपऱ्यावरच्या चहावाल्या मावशींनी. त्यांनी बसायचे स्टूल त्याच्या अंगावर फेकले आणि असा टाहो फोडला की, माणसे धावून आली. मावशींनी कोणताही वर्ग केलेला नव्हता.

मग सहा वर्षे फुकट गेली काय? या प्रश्नाचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्याकडे तालमीची परंपरा मोठी आहे, आणि तिच्यात एक खरी गोष्ट आहे. लाल मातीत उतरलेला जोडीदार तुमचा डाव मुकाट्याने लागू देत नाही. तो अंग काढून घेतो, उलट डाव टाकतो, दमवितो. म्हणून पैलवानाला जे येते ते खरेच येते. उलट, ज्या वर्गात समोरचा आपणहून पडतो, तेथे आपण कवायत शिकतो, बचाव शिकत नाही. शोभेला ती ठीक. पण तिच्या भरवशावर जीव टांगू नये. आखाड्याला मर्यादा नाहीत असेही नाही. तेथे पंच असतो, जोड वजनाची असते आणि कोणाच्या लंगोटात सुरा नसतो.

दुसरी गोष्ट शरीराची. जिवावर बेतले की, रक्तात ॲड्रिनॅलिन उसळते. छाती धडधडते, हात कापतात, नजर समोरच्या एका वस्तूवर खिळते, कधी आवाजही ऐकू येईनासे होतात. बोटांची नाजूक कामे तेव्हा जमत नाहीत. ढकलणे, पळणे, ओरडणे एवढीच ठोकळ कामे साधतात. म्हणून शिकवायचे ते थोडे, सोपे आणि धाप लागलेली असताना करून घेतलेले असावे.

तिसरी गोष्ट अंतराची. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांना शिकविणाऱ्या डेनिस ट्युलर यांनी 1983 साली एक साधा हिशेब मांडला. सुरा घेतलेला माणूस 21 फूट अंतर सुमारे दीड सेकंदात तोडतो. शिकलेल्या शिपायाला पिस्तूल काढून झाडायला तेवढाच वेळ लागतो. पिस्तूलवाल्याची ही गत, तर रिकाम्या हाताच्या माणसाने काय करावे? आधी पाहावे, आधी हलावे, मध्ये टेबल, सायकल, जे मिळेल ते घालावे, आणि निघून जावे.

कोणी म्हणेल, मग शिक्षणाचा उपयोगच नाही. तसे नाही. कॅनडातील तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या 893 विद्यार्थिनींवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. निम्म्याजणींना नुसती माहितीपत्रके दिली, निम्म्याजणींना बारा तासांचे शिक्षण दिले. धोका ओळखणे, ओळखीच्या माणसाकडूनही तो येतो हे मान्य करणे, ठणकावून नाही म्हणणे, आणि वेळ पडल्यास अंगाने प्रतिकार करणे, असे ते शिक्षण होते. वर्षभरात बलात्कार झाल्याचे प्रमाण पहिल्या गटात 9.8 टक्के, तर शिकलेल्यांत 5.2 टक्के होते. बारा तासांत कोणी पैलवान होत नाही. पण भीड मोडते.

आता जे सांगायचे ते जड जाते. फाटकावरच्या माझ्या भाषणांत एक वाक्य नेहमी असे : 'मागे हटायचे नाही.' टाळ्या हमखास पडत. आमच्यातला एक तरुण रात्रपाळी करून घरी निघाला असता दोघांनी अडविले, पगार आणि मोबाइल मागितला. वाट मोकळी होती. तो उभा राहिला, झुंजला, आणि पोटात सुरा बसला. जगला, पण ओझे उचलण्याचे काम कायमचे सुटले. दवाखान्यात मला म्हणाला, "भाऊ, तुम्हीच सांगितलं होतं ना, मागं हटायचं नाही म्हणून?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी ते वाक्य संपाबद्दल बोललो होतो, त्याने ते सुऱ्यापुढे लावले. चूक ऐकणाराची नव्हती. तेव्हापासून मी फाटकावर दोन वाक्ये बोलतो : हक्कावरून हटू नका, सुऱ्यापुढून जरूर हटा.

कायदाही याच मापाचा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलमे 34 ते 44 खाजगी बचावाचा हक्क देतात. पूर्वीच्या दंडसंहितेतही तो होता. पण बचावापुरती इजा, त्याहून अधिक नाही. हल्लेखोर पळाला, भय संपले की, हक्कही संपला. पाठलाग करून मारलात, तर आरोपी तुम्ही.

आणि बंदुकीपुढे तर कोणतीच तालीम पुरत नाही. शंकर गुहा नियोगी यांना 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत झोपेत गोळ्या घातल्या, डॉ. दत्ता सामंत यांना 16 जानेवारी 1997 रोजी पवईत, गाडीतून जात असता. अशा माणसांचे रक्षण एकट्याच्या दंडात नसते. धमकी आल्याबरोबर ती लेखी नोंदविणे, एकट्याने न फिरणे, सोबत्यांना ठावठिकाणा कळविणे, हे कंटाळवाणे काम हेच पहिले आत्मरक्षण.

तालमींच्या चालकांना माझे मागणे थोडे आहे. जोडीदाराला खरा विरोध करू द्या. ओरडायला आणि पळायला शिकवा, त्यात लाज नाही हेही शिकवा. आणि मुलींना आत घ्या.

मावशी आज हयात नाहीत. ते स्टूल मात्र आमच्या कचेरीत आहे. नवा कार्यकर्ता आला की, मी त्याला प्रथम त्याच्यावर बसवितो आणि मग ही हकीकत सांगतो.