दोन संगणकांचे संभाषण
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



अशा मंगल प्रसंगी संगणकाचा विषय काढल्याबद्दल वडीलधाऱ्यांनी आम्हांस क्षमा करावी. रविवारच्या वर्गात मुलांना आम्ही जे शिकवितो त्याचा थोडा हिशेब आज सादर करावयाचा आहे, आणि त्यात एक रक्कम आमच्याच नावे पडली आहे.

दोन संगणकांनी एकमेकांशी बोलावयाचे तर दोहोंकडे एकेक सॉकेट लागते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८३ साली आपल्या युनिक्सच्या ४.२ आवृत्तीत ही सोय दिली. १९९१ साली बाहेर आलेल्या पायथन भाषेत ती दहापंधरा ओळींत वापरता येते. एक प्रोग्राम दुकान मांडून बसतो: 'बाइंड' म्हणून गाळा धरतो (या गाळ्याच्या क्रमांकास पोर्ट म्हणतात), 'लिसन' म्हणून कान देतो, 'ॲक्सेप्ट' म्हणून गिऱ्हाइकास आत घेतो. दुसरा 'कनेक्ट' म्हणून त्याच्या दाराशी जातो. दुसरे यंत्र नसले तरी अडत नाही, १२७.०.०.१ हा पत्ता दिला की यंत्र आपले आपल्याशीच बोलते! मुलांना याची फार गंमत वाटते.

गेल्या वर्षी आम्हांस हौस आली की, शिष्यवृत्तीची यादी कार्यालयातून सभागृहातील पडद्यावर याच प्रोग्रामने पाठवावी. आदल्या दिवशी इंग्रजी लिपीतील ४८ नावे बिनचूक गेली. समारंभात मराठी यादी पाठविली. २६ नावे आली, सत्ताविसावे आडनावावाचून आले, आणि पुढे काही नाही. यंत्राने चूकही दाखविली नाही. वाचणाऱ्यांनी यादी संपली असे समजून कागद ठेवला. मागच्या रांगांत मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. चिटणीसांनी वही आणली म्हणून निभावले.

झाले होते ते असे. पुस्तकातील उदाहरणाप्रमाणे आम्ही 'रीसीव्ह १०२४' एकदाच लिहिले होते. म्हणजे, एका वेळी जास्तीत जास्त १०२४ बाइट घे. इंग्रजी अक्षरास एक बाइट पुरतो, म्हणून ती यादी आत बसली. देवनागरीत यूटीएफ-८ पद्धतीने प्रत्येक वर्णास, मात्रेस, अनुस्वारासही तीन तीन बाइट लागतात. तुकडा एखाद्या वर्णाच्या मध्येच पडता तर पायथनने अक्षरे जुळविताना तक्रार केली असती, आणि तेच बरे झाले असते. तो नेमका सीमेवर पडला.

पण १०२४ चे १०,००० केले म्हणजे दोष गेला, असे मात्र नाही. आम्ही टीसीपीचा निरोप पोस्टकार्डासारखा समजत होतो. तो नळाच्या पाण्यासारखा आहे. इकडून एक बादली ओतली तरी तिकडे ती तीन लोट्यांत येईल, किंवा इकडचे दोन लोटे तिकडे एकदम येतील. क्रम बिघडत नाही, पण निरोप कोठे संपला हे पाणी सांगत नाही. (पोस्टकार्डाची पद्धतही आहे, तिला यूडीपी म्हणतात, पण तीत कार्ड वाटेत हरवू शकते.)

म्हणून मुलांनी नवा प्रोग्राम लिहिला. पाठविणारा आधी चार बाइटांत सांगतो की पुढे अमुक इतके बाइट येत आहेत, आणि मग 'सेंडऑल'ने सगळे पाठवितो. नुसते 'सेंड' कधी कधी थोडेच घेऊन परतते. घेणारा तेवढा आकडा भरेपर्यंत पुन्हा पुन्हा घेत राहतो, आणि सर्व हाती आल्यावरच अक्षरे जुळवितो. मधेच रिकामा निरोप आला तर पलीकडच्याने दार लावले असे समजून, यादी अपुरी आहे, असे स्पष्ट सांगतो. सहाआठ ओळी वाढल्या, एवढेच.

यंदाची यादी त्यानेच पाठविली. पडद्यापाशी एक मुलगी हातात वही घेऊन नावे मोजीत उभी होती. गेल्या वर्षी तिचे नाव एकतिसावे होते.