डावा की उजवा?



मेळाव्याच्या आयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरमध्ये काय करते ते सगळ्यांना समजेल असं सांग. दहा मिनिटं." माझी आई वीस वर्षांपासून हेच विचारते आहे आणि मला ते नीट सांगता आलेलं नाही. गेल्या वर्षी मात्र तिचाच हात मोडला आणि माझं काम आमच्या घरात येऊन बसलं. म्हणून आज त्या हाताचीच गोष्ट सांगते.

आधी काम. मी पुण्यात राहून अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर लिहिते. तिथे डॉक्टरने उपचार केले की त्यांचं टिपण वाचून कोडर दोन कोड लावतो. एक, पेशंटला काय झालं याचा. दुसरा, डॉक्टरने काय केलं याचा. दोन्हींचा मेळ बसला तरच विमा कंपनी पैसे देते.

जीवशास्त्राच्या तासाला शिकलो ते आठवा. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं: अंगठ्याच्या बाजूचं रेडियस, करंगळीच्या बाजूचं अल्ना. पडताना आपण हात टेकतो आणि रेडियसचं मनगटाकडचं टोक मोडतं. अब्राहम कॉलिस या आयरिश सर्जनने १८१४ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते कॉलिस फ्रॅक्चर. उतारवयात, हाडं ठिसूळ झालेल्या बायकांमध्ये हे फार दिसतं. अमेरिकेत डाव्या हाताच्या कॉलिस फ्रॅक्चरचा कोड आहे एस५२.५३२ए. एस५२ म्हणजे कोपर ते मनगट या भागातलं फ्रॅक्चर, ५ म्हणजे रेडियसचं खालचं टोक, ३ म्हणजे कॉलिस, २ म्हणजे डावा हात. उजवा असता तर २ च्या जागी १. शेवटचा ए सांगतो की जखम उघडी नाही आणि मुख्य उपचार चालू आहेत. पुढे नुसतं तपासायला आलं की ए चा डी होतो.

उपचाराचा कोड वेगळा. नुसतं प्लास्टर केलं तर २५६००. हाड ओढून जागेवर बसवलं आणि मग प्लास्टर केलं तर २५६०५, आणि त्याचे पैसे जास्त. पण डॉक्टरने घाईत "प्लास्टर केलं" एवढंच लिहिलं, तर कोडरला मनाने भर घालता येत नाही. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असं या धंद्यात मानतात.

१ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेने आजारांचे हे नवे कोड घेतले. जुने सुमारे १४ हजार होते, नवे सुमारे ७० हजार. जुन्यात फ्रॅक्चरची बाजू नव्हती, नव्यात आली. त्या वेळी मी एक तपासणी लिहिली: बाजू लिहिली नसेल, किंवा दोन कागदांवर वेगवेगळी असेल, तर बिल परत. पाच-सहा ओळींचं काम. साहेबांनी शाबासकी दिली. परत गेलेल्या बिलामागे एखादा माणूस हात गळ्यात बांधून बसला असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

आता अकोला. आई तिथे माझ्या भावाकडे असते. तो आपल्याच शाळेतला, आपल्या दोन वर्ग मागे. दिवाळीच्या आदल्या दिवशी सडा टाकताना आईचा पाय घसरला. डावं मनगट मोडलं, प्लेट बसवावी लागणार होती. मी रात्रीच्या गाडीने निघाले. पॉलिसी होती, कॅशलेस होतं, म्हणून निवांत होते. दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा प्रश्न आला: एक्स-रे रिपोर्टमध्ये डावा हात, भरतीच्या फॉर्मवर उजवा; खुलासा करा.

फॉर्म भावाने भरला होता. आई समोर बसलेली. तिचा डावा हात त्याच्या उजव्या बाजूला होता आणि त्या गडबडीत त्याने "उजवा" लिहिलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "हात तं माह्याजवळच हाये नं बाप्पा! येऊन पाहा म्हना कोनता मोडला थो!"

ऐन दिवाळीत खुलाशावर सही कोण करणार? सुट्टी होईपर्यंत मंजुरी आली नाही. सोयाबीन विकून आलेले, हरभऱ्याच्या पेरणीसाठी ठेवलेले पैसे भावाने भरले. डॉक्टरांचं पत्र जोडल्यावर अडीच महिन्यांनी ते परत मिळाले. तोवर अर्धं वावर पडीक राहिलं होतं.

भाऊ मला म्हणाला, "ताई, असला नियम करतं तरी कोण?" मी उत्तर दिलं नाही. आज देते. असला नियम मी केला होता.

नियम चुकीचा नव्हता. भलत्याच हातावर ऑपरेशन होऊ नये, म्हणूनही बाजू लिहावीच लागते. चूक होती ती नुसतं "परत" म्हणून गप्प बसण्यात. पुण्याला गेल्यावर मी ती तपासणी बदलली. आता बिल पाठवण्याआधीच ती सांगते: अमुक कागदावर अमुक शब्द जुळत नाही, अमुक डॉक्टरांना विचारा.

तुमच्यासाठी चार गोष्टी. आपल्याकडे साधारणपणे जागतिक आरोग्य संघटनेचा एस५२.५ एवढाच कोड वापरतात. त्यात डावा-उजवा नाहीच. म्हणून भरतीचा फॉर्म, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, तिन्हींवर बाजू शब्दांत लिहिलेली आणि सारखी आहे ना, ते घरी निघण्याआधी पाहा. कसं पडलो, कधी पडलो, हेही सगळीकडे एकच हवं. नुसतं प्लास्टर करून त्याच दिवशी घरी आलात, तर बहुतेक साध्या पॉलिसी पैसे देत नाहीत, हे आधीच माहीत असू द्या. आणि ज्यांच्याकडे पॉलिसी नाही त्यांना महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेबद्दल सांगा. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं अमरावती होतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा.

शेवटी एक आठवण. पी.टी.चे सर आपल्याकडे तोंड करून उभे राहायचे, "डावा हात वर!" म्हणायचे आणि स्वतःचा उजवा वर करायचे. आपण हसायचो. समोरच्याचा डावा आपल्याला उजवा दिसतो, हे सरांना तेव्हाच ठाऊक होतं. मला ते कळायला आईचा हात मोडावा लागला.

आईची मूठ आता नीट वळते. परवा तिने भाकरी थापली.